भुईवरनं उठायची कसरत

माझा लेक पंगतीत बसला आन त्याला उठताच येईना, तिथून हे सगळं सुरू झालं.

लग्न आमच्याच गल्लीतलं. ताडकळसच्या आलीकडं आमचं गाव हाय. विहाराच्या पुढं मांडव, खाली शिमिटाचे गट्टू, गट्टूवर लांब पट्ट्या आंथरलेल्या. वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. पहिली पंगत जेवून उठली, दुसऱ्या पंगतीची माणसं येऊन उभी ऱ्हायली, आन मधी हा एकटाच बसलेला. पत्रावळ पार साफ.

"मामा, उठा की. मागं लोकं थांबलेत," वाढणारा मनला.

"येईना," मामा मनला.

"काय येईना?"

"उठायला."

ह्याला सगळं गाव मामा मनतं. पहिल्यांदा माझ्या लेकीची लेकरं मनू लागली, ती खरी भाचरं. मंग गल्लीतली लेकरं मनू लागली, मंग त्यांचे बाप, मंग सरपंच बी. आता मी बी मामाच मनते. चाळिशी उलटली त्याची. अंगानं बाप्या झाला, पर बुद्धी बारक्या लेकराएवढीच ऱ्हायली. जन्मापासूनच तसा हाय. बोलतो थोडंच, पर जे बोलतो ते खरं बोलतो. आन खायला लय आवडतं.

तर त्याला उठवायला एक जण पुढून हात वढू लागला, दोघं बगलंतून. मामानं आधाराला काय धरावं, तर मांडवाचा बांबू. बांबू आला हातात. वरचं कापड खाली आलं ते नवरीच्या चुलत्याच्या डोक्यावर. चुलता कापडाच्या आतून हात हालवायला, बाया हसायल्या, पोरं शिट्ट्या मारायली. आन मामा तसाच खाली बसून, एका हातात बांबू, वाढणाऱ्याला मनला, "बसलोच हाय तर बुंदी टाक."

टाकली बी त्यानं! काय करतो बिचारा. बादली हातातच व्हती. शेवटी चार गड्यांनी मिळून मामाला उभा केला.

मी बी हसले. पर घरी येऊस्तोवर माझं हसू विरलं. आजवर त्याला मीच उठवत आले व्हते. मागं उभं ऱ्हायचं, पाठीला गुडघा लावायचा, बगलंत हात घालायचे आन "हं" मनायचं. तो वर यायचा. मला वझ्याची सवय व्हती. नवरा लवकर गेला. दुसऱ्याच्या रानात खुरपलं, कापूस येचला, रस्त्यावर खडी टाकली. बोचकी उचलली, घमेली उचलली, लेकरू उचललं, सगळं एकाच पाठीनं. पाठीला काय ठावं, कोणतं वझं कोणाचं हाय.

त्या दिवशी घरी आल्यावर हा चप्पल काढायला भुईला बसला. मी मागून हात घातले, "हं" मनलं. तो हालला न्हाई. माझ्या कमरंतून मात्र वाळली तुराटी मोडल्यावानी आवाज आला. मंग मी बी त्याच्या शेजारी बसले.

"माय, हं मन," तो मनला.

"मनून झालं बाबा," मी मनलं.

तसेच बसलो दोघं. शेजारीण शेळीला पाला घेऊन चालली व्हती, तिनं बघितलं. माझ्याच उमरीची हाय, पर काटक. तोंडानं लय तिखट. "काय गं अक्का, मायलेक दारात बसून भीक मागायलेत काय?" असं मनत मनत आधी मला उठवलं, मंग आमी दोघींनी मिळून त्याला.

सत्तरी माझी कव्हाच गेली. आज मी हाय. उद्या मी नसले, आन हा असाच कुठंतरी भुईला बसला, तर तिथंच बसून ऱ्हाईल. लेक मनती, मी नेईन माझ्या घरी. नेईल बी. पर येळंला त्याला उठवायला चार गडी ती कुठून आणंल? त्याला भुईवरनं आपलं आपण उठता यावं, एवढंच मला पायजे व्हतं. लिहिणं वाचणं नको, ते मला बी येत न्हाई. उठणं यावं.

म्हणून त्याला घेऊन पूर्णेच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरनं तपासलं. मनला, "आजी, शुगर काठावर आहे. वजन फार आहे. गोड बंद करा, चालवा फिरवा, आणि व्यायाम शिकून घ्या." आन आमाला शेजारच्या खोलीत धाडलं. तिथं एक म्याडम लोकांकडून कसरत करून घेते. जवान पोरगी, पर दमदार. खोलीत खाली गादी आंथरलेली. मामानं गादी बघितली, तिच्यावर आडवा झाला आन डोळे मिटले.

म्याडम मनली, "आजी, झोपायची सवय चांगली दिसते यांना."

"त्यात तरबेज हाय," मी मनलं. "उठायचं शिकवा."

मंग तिनं सांगितलं. वढून उठवायचं न्हाई, बिलकुल न्हाई. वढलं तर त्याचा खांदा निसटंल आन तुमची कंबर जाईल. पाठीवर असलं की आधी कुशीवर व्हायचं. मंग कोपरावर जोर द्यायचा, मंग तळव्यावर. मंग लेकरू रांगतं तसं हातपाय टेकायचे. मंग एक पाय पुढं, त्या गुडघ्यावर हात, आन वर. तिनं सोता करून दाखवलं, एकदम सोपं दिसलं.

"चला मामा, आता तुम्ही."

मामानं डोळे उघडले. माझ्याकडं बोट केलं. "तू आदी."

हे त्याचं पहिल्यापासून असंच हाय. नुस्तं सांगितलेलं तो करत न्हाई, समोरच्यानं केलेलं करतो. आंगोळ कर मनलं तर दगडावानी उभा. मी माझ्या डोक्यावर तांब्या वतला की तो बी वतणार. मी खोकले की खोकणार. त्याला शिकवायचं म्हंजे आधी आपण करायचं, दुसरा इलाज न्हाई.

मंग काय! मी लुगडं खोचलं आन पडले खाली. दाराशी लोकं बसली व्हती नंबर लावून, ती माना लांब करून बघू लागली. एक म्हातारा बायकोला मनला, "बघ, हिला लयच जास्ती झालेलं दिसतंय." मी कुशीवर झाले, मामा झाला. मी रांगले, मामा रांगला. मी पाय पुढं टाकला, गुडघा वाजला, तरी उठले. मामा माझ्याकडं बघत बघत, गादीचा काठ धरून, म्याडमचा हात नुस्ता पाठीला लागलेला, असा उठला. चारी पाय झाडून वासरू उभं ऱ्हातं तसा. दाराशी बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मामानं त्यांना जयभीम घातला.

म्याडम मनली, "आजी, आता रोज दोघांनी करायचं. आणि गावात व्यायामाची साधनं असतील तर तीही वापरा. नुसतं उठणं नाही, पायात ताकद पाहिजे."

साधनं व्हती की. विहाराच्या मागच्या मोकळ्या जागंत लोखंडी यंत्रं रोवलेली हायत, पिवळी आन निळी. कसरतीची हायत असं ऐकून व्हते, पर त्यावर कसरत करताना कोणी बघितलं न्हाई. बायांला लय उपेगाला आली ती. लांब दांड्यावर चार वाकळा वाळतात. सपाट बाकड्यावर उन्हाळ्यात कुरडया. आन पाय झुलवायचं जे यंत्र हाय, त्याला माझी शेजारीण शेळी बांधती.

सकाळी मी मामाला घेऊन तिथं गेले आन शेळी सोडू लागले. तशी ती तरातरा आली.

"अक्का, शेळीला कामून हात लावायलीस?"

"कसरत करायचीय."

"कोणाला?"

"मला आन मामाला."

ती माझ्याकडं वरून खालपोतर बघत ऱ्हायली. "तुला? जन्मभर खुरपलीस ते कमी पडलं व्हय? अजून हौस हाय तर माझं रान पडलंय तिकडं, ये निंदायला. दुपारी भाकर देते."

"तुझं रान झुलत न्हाई," मी मनलं. "ह्याच्यावर पाय झुलवायचेत. मामाच्या पायात ताकद आणायचीय."

"आन माझी शेळी कुठं बांधू? डोक्यावर?"

शेवटी शेळी गेली दुसऱ्या यंत्राला, जिथं दोन दांडे हाताला धरून छाती वढायची असती. शेळीला ती जागा जास्ती आवडली, तिथं सावली व्हती. शेजारीण मात्र तिथंच बसली, काय करतेत बघू म्हणून. रोज बसू लागली.

आता ते यंत्र कसं वापरायचं, हे आमाला कोण सांगणार. मी पहिल्या दिवशी उलट्या अंगानं चढले. पाय एक तिकडं गेला, एक इकडं गेला, आन मी मधी लोंबकळले, सुगरणीच्या खोप्यावानी. मामा खाली उभा ऱ्हाऊन लक्ष देऊन बघत व्हता. मी कशीबशी उतरले, तर हा चढला, तसाच उलट्या अंगानं, आन तसाच लोंबकळला. शेजारीण पदरात तोंड घालून हसू लागली.

"मायलेक एका साच्यातले हायत गं," ती मनली.

पर एक यंत्र मामाला असं भेटलं की त्याला "तू आदी" मनायची गरजच पडली न्हाई. मोठं गोल चाक हाय, खांद्यासाठी. त्यानं ते बघितलं आन यष्टीचं स्टेरिंग समजून धरलं. "पूर्णा, पूर्णा, पूर्णा!" एका हातानं चाक, एका हातानं लोकांना चढवायला. मी मनलं, दोन्ही हातानं चालव, न्हाई तर गाडी उलटंल. मंग दोन्ही हातानं. घाम निथळूस्तोवर त्यानं गाडी पूर्णेला नेली आन परत आणली. शेळी वरडली की तो थांबायचा. उतारूला उतरायचं असंल मनून.

कसरत सुरू झाली, पर गोड कसं बंद व्हावं? मामाला खायला घालणं आमच्या गावात चांगलं काम समजतात. कोणाची म्हैस व्याली, मामाला खरवस. कोणाचं पोरगं पास झालं, मामाला पेढा. पुनवंला विहारात खीर, त्यातली पहिली वाटी मामाला. आन हॉटेलावर तर त्याची जागा ठरलेली, दोन टाईम चहा, संग टोस.

मी घरोघर जाऊन सांगितलं, काही देऊ नका. लोकं रुसली. एक बाई मनली, "माय असून लेकराच्या तोंडातलं काढायलीस?" हॉटेलवाला मनला, "मावशी, पहिला चहा मामानं पिल्याबिगर माझा धंदा व्हत न्हाई. तुमी माझ्या पोटावर पाय द्यायलात."

"बिनसाखरेचा द्या मंग. एकच. टोस नको."

हॉटेलात बसलेले सगळे माझ्याकडं असे बघू लागले, जसं काही मी मामाला उपाशी मारायला निघाले. सरपंच बी तिथंच व्हते. ते मनले, "मंग मावशी, आमी मामासाठी काहीच करायचं न्हाई का?"

"करा की," मी मनलं. "चहा पाजायच्या ऐवजी त्याच्याकडून उठबस करून घ्या. भुईला बसवा आन आपलं आपण उठू द्या. तेच त्याच्या कामाचं हाय."

मी आपलं बोलून गेले. त्या लोकांनी ते एकदम मनावर घेतलं. मामाला काही दिल्याबिगर त्यांना करमत न्हाई, मंग आता ही उठबसच द्यायची! दुसऱ्या दिवशी मामा हॉटेलावर गेला, तर जो तो मनायला, "मामा, एक उठबस व्हऊन जाऊ द्या."

मामानं समद्यांकडं एकदा बघितलं. मनला, "तू आदी."

हे कोणाच्या ध्यानात आलंच नव्हतं.

पहिल्यांदा हॉटेलवाला बसला, भट्टीजवळ, कळकट फडकं आंथरून. तो उठला, मामा उठला. मंग सरपंचांना बी हुरूप आला. पांढरीफेक कापडं, कडक इस्त्री. "बघा, मी दाखवतो," मनून खाली बसले. बसले ते बसले. पोट मधी येऊ लागलं. एक हात बाकड्याला, एक हात हॉटेलवाल्याच्या खांद्याला, चेहरा लालबुंद. मामा त्यांच्या शेजारी बसून वाट बघायला. शेवटी मामाच मनला, "कुशीवर व्हय." आन इस्त्रीच्या कापडात सरपंच कुशीवर झाले, मंग रांगले, मंग उठले. गुडघ्यावर चहाचे डाग. मामा बी उठला आन त्यांना जयभीम घातला.

तव्हापासून मामाला कसरतीचा नादच लागला. हॉटेलावर गेला की एकेकाच्या पुढं उभा ऱ्हायचा, भुईकडं बोट करायचा, "तू आदी." लोकं त्याला बघून उठून जाऊ लागली. कोणी मनायचं, "आज न्हाई मामा, आज पाय मुरगळलाय." कोणी मनायचं, "आताच जेवलोय." सरपंच तर मामा दिसला की फोन कानाला लावायचे. हॉटेलवाला माझ्याकडं आला, "मावशी, त्याला दोन चहा देतो, साखर घालून, पर हे थांबवा." मी मनलं, आता माझ्या हातात न्हाई.

वजन उतरलं. मामाची पँट ढिली झाली, नाडी बांधावी लागली. माझी बी कंबर मोकळी झाली, वाकून झाडू लागले. पूर्णेची म्याडम खूश झाली. "आजी, आता भुईवरून उठतात का स्वतः?"

"उठतो की. मी उठले की उठतो."

"आणि तुम्ही नाही उठलात तर?"

तिथंच तर गाडी अडली व्हती. माझ्या पुढं माझ्यासारखं उठणं त्याला आलं. पर मी नसताना उठणं, तेच पायजे व्हतं, आन तेच येत नव्हतं. मी असंन तवरच उठणार असंल तर मंग ह्या सगळ्याचा उपेग काय?

म्याडमनं ते वळखलं. मनली, "आता तुम्ही हळूहळू कमी करत जायचं. आधी अर्धंच करून दाखवा, पुढचं त्यांना करू द्या. मग नुसता हात दाखवा. मग नुसतं बोला. मग बोलणंही बंद करा."

दुसऱ्या दिवशी यंत्राजवळ आमी दोघं खाली पडलो. मी कुशीवर झाले, तो झाला. मी हातपाय टेकून रांगायला आले, तो आला. आन तिथं मी थांबले. तो बी थांबला.

"उठ बाबा," मी मनलं.

"तू आदी."

"मी न्हाई. आज तू."

"तू."

समोरासमोर, चारी हातपाय टेकून, कुस्तीच्या फडात उतरल्यावानी दोघं. ऊन वर आलं. शेजारीण शेळीजवळ बसून बघायली. "काय गं, कोण जितंल त्याला बकरा द्यायचाय का?" ती मनली. मामाला काही वाटत नव्हतं. तो आरामात व्हता, एक हात उचलून नाक बी खाजवलं त्यानं. माझे गुडघे मात्र गट्टूवर फुटायला आले. शेवटी मीच उठले. मामा लगेच उठला, हसला, गेला स्टेरिंगकडं.

असं लय दिवस चाललं. रोज मीच हारायचे. नुस्ता हात दाखवला तर तो माझा हातच बघत बसायचा. बोलून दाखवलं तर मी जे बोलले तेच परत बोलायचा, आन पडून ऱ्हायचा. शेजारीण मनली, "सोड अक्का, एवढं झालं ते काय थोडं झालं?" थोडं न्हाईच ते. पर पुरं बी न्हाई.

मंग तो ताडकळसच्या बाजाराचा दिवस आला. बाजारच्या दिवशी आमची गल्ली रिकामी असती. शेजारीण बी पिशवी घेऊन गेली व्हती. मी न्हाणीपुढं धुणं धुवायले, उठून बादली उचलली, आन साबणाच्या पाण्यावरनं पाय सटकला. आडवी झाले. उजवा हात अंगाखाली आला. मनगटात असं काही झालं की डोळ्यापुढं पांढरंच दिसू लागलं. उठायला बघितलं, हातावर जोर देता येईना. वरडून बघितलं, तर शेळीनं जवाब दिला.

मामा घरातून बाहीर आला. माझ्याकडं बघितलं. मंग नीट जागा बघून, वल्लं नसंल तिथं, माझ्या शेजारी पाठीवर पडला. त्याला वाटलं कसरत सुरू झाली. मी हात छातीशी धरला व्हता, त्यानं बी धरला.

"तू आदी," तो मनला.

"मला येईना रे," मी मनलं.

"येईना?"

"न्हाई."

तो इचार करू लागला. दोघं आबाळाकडं बघत पडलो. मला इतकं दुखत व्हतं की मनात आलं, वरडून सांगावं, जा, कोणाला तरी बलाव. तोंडापोतर आलं. पर मी दात दाबले. मी काही बी बोलले असते तर तो माझ्याकडंच बघत बसला असता. मी डोळे मिटून घेतले. मिटले मनजे काय, उलशीक फट ठेवली.

लय येळ गेला. मुंग्या माझ्या पोटरीवर चढायल्या. मंग मामा आपल्याशीच मनला, "चहा." त्याचा हॉटेलाचा टाईम झाला व्हता.

तो कुशीवर झाला. थांबला, माझ्याकडं बघितलं. मी हालले न्हाई. कोपरावर आला. तळव्यावर आला. रांगायला आला. एक पाय पुढं टाकला, तो सरकला, परत बसला. मला वाटलं संपलं. फटीतून बघायले, श्वास रोखून. त्यानं परत पाय टाकला, गुडघ्यावर हात ठेवला, तोंडानं "हं" मनला, आन उठला. मांडव न्हाई, बांबू न्हाई, कोणाचा हात न्हाई. उभा. माझा मामा उभा.

मी मनलं, आता पळत जाईल, लोकं घेऊन येईल.

कुठलं काय! चप्पल घातली, सरळ हॉटेलावर गेला आन चहा पिला.

पुढचं मला मागून समजलं. बशीत वतून सगळा चहा पिला. मंग हॉटेलाच्या मधोमध भुईला आडवा झाला, हात छातीशी धरून. बाजाराला न गेलेले दोघं-तिघं म्हातारे तिथं बसले व्हते. त्यांनी पाय वर बाकड्यावर घेतले.

"आज न्हाई मामा. आज बाजार हाय, आज कसरत बंद."

"माय," मामा मनला.

"माय काय?"

"येईना."

"मायला बी कटाळा आला व्हय तुझ्या कसरतीचा?" मनून सगळे हसले. मामा उठंना. हॉटेलवाल्यानं त्याच्यावरनं पाय टाकून चहाची किटली नेली. तेवढ्यात शेजारणीचा आटो येऊन थांबला. ती पिशवी घेऊन उतरली, तिनं बघितलं, मामा पडलाय, आन कोणालाच "तू आदी" मनत न्हाई. तिला ते पटंना.

"मामा, माय कुठंय?"

त्यानं घराकडं बोट केलं, आन हात परत छातीशी नेला.

"अगं बाई, म्हातारी पडली!" मनून तिनं बाजाराची पिशवी तिथंच टाकली आन पळत सुटली. मागून म्हातारे, हॉटेलवाला, सगळ्यात मागून मामा.

आले ते चौघं मला वढू लागले. मी मनलं, "लांब व्हा, मला रीत ठावं हाय." कुशीवर झाले, चांगल्या हातावर जोर दिला. शेजारणीनं नुस्ता पाठीला हात लावला.

मंग ती मामाला बोलू लागली. "आन आधी चहा पिलास व्हय रे? माय तिकडं मोडून पडली, आन तू बशीनं चहा पिलास?"

"गार झाला असता," मामा मनला.

मी तिला मनलं, "त्याला बोलू नको. हे सांग, हॉटेलावर तो पडला व्हता, तिथून उठताना त्याला कोणी हात दिला का?"

ती माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. "हिला डोक्याला बी लागलंय," हॉटेलवाल्याला मनली.

"सांग की."

"न्हाई. कोण देणार? आमी सगळे इकडं पळालो की."

मला हातात कळा येत व्हत्या, तरी मी हसू लागले. हॉटेलवाला घाबरला, पटकन आटो बोलवायला गेला.

मनगट मोडलं व्हतं. पूर्णेला पलस्तर घातलं. म्याडम भेटायला आली, तिला सगळं सांगितलं, चहाचं बी. ती मनली, "आजी, बोलणंही बंद करा मनले व्हते, तुम्ही लय पुढचं केलंत." आमच्यावानीच बोलू लागली ती आता.

पलस्तर असल्यामुळं मला भुईला पडता येत न्हाई. सकाळी यंत्राजवळ शेजारणीनं खुर्ची आणून टाकली, तिच्यावर बसते. मामा खाली पडतो. पडला की पहिले माझ्याकडं बघतो. मी मुद्दाम तोंड फिरवते, शेळीकडं बघते. शेळी काय बघण्यासारखी न्हाई, पर तिच्याकडंच बघते.

"अगं बघ की अक्का," शेजारीण मनते, "रांगायला आला बघ. पाय टाकला बघ. तुझाच लेक हाय, तूच बघंनास!"

"मला काय बघायचंय," मी मनते. "त्याला उठायचं तर उठू दे."

कान मात्र तिकडंच असतात. गट्टूवर तळवे घासतात. मंग दम टाकल्याचा आवाज येतो. मंग हातानं पँटची धूळ झाडल्याचा. मंग चाक कुरकुरतं, आन पूर्णेची गाडी सुटती.